जावामध्ये ‘बीन’ सापडत नाही तेव्हा…

कन्नड तालुक्यातील पिशोरच्या एखाद्या दुकानात ग्राहकाने यूपीआयद्वारे पैसे दिले, की काही क्षणांत बँकांच्या संगणक प्रणाली एकमेकींशी संपर्क साधतात. एका प्रणालीने दुसरीकडे माहिती मागण्याची ही पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. अशी मागणी करणाऱ्या प्रोग्रॅमला ‘क्लायंट’ म्हणतात. जावा भाषेत तो लिहिण्यासाठी ‘ओपनफेन’ हे साधन वापरले जाते. मात्र त्याची जोडणी चुकली तर संपूर्ण प्रणाली सुरूच होत नाही. नवख्या प्रोग्रॅमरचे तासन् तास येथेच खर्ची पडतात.

मूळ कल्पना

अमेरिकेतील नेटफ्लिक्स कंपनीने २०१३ मध्ये ‘फेन’ खुले केले. पुढे ते ‘ओपनफेन’ या नावाने स्वतंत्र समुदायाकडे गेले. यात प्रोग्रॅमर केवळ ‘इंटरफेस’ लिहितो, म्हणजे कोणत्या पत्त्यावर कोणती माहिती मागायची एवढेच नमूद करतो. प्रत्यक्ष मागणी करणारी वस्तू प्रणाली सुरू होताना आपोआप तयार होते.

ही वस्तू हव्या त्या ठिकाणी पुरवण्याचे काम ‘स्प्रिंग’ करते. स्प्रिंगची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली आणि त्याच वर्षी मार्टिन फाउलर यांच्या लेखामुळे या पद्धतीचे ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे नाव रूढ झाले. स्प्रिंगने सांभाळलेल्या वस्तूला ‘बीन’ म्हणतात. शिधावाटपाच्या नोंदवहीत नाव नसेल तर धान्य मिळत नाही. तसेच स्प्रिंगकडे नोंद नसलेले बीन कोणालाही मिळत नाही.

संदेश कसा वाचावा?

त्रुटिसंदेश लांबलचक असतो. त्यातील शेवटचे ‘कॉज्ड बाय’ प्रथम पाहावे. खरे कारण बहुधा तेथेच असते. स्प्रिंग बूट अनेकदा ‘डिस्क्रिप्शन’ आणि ‘ॲक्शन’ असे दोन परिच्छेदही छापते. यांतील पहिला परिच्छेद विश्वासार्ह असतो. दुसऱ्यातील सल्ला मात्र सर्वसाधारण असतो आणि ओपनफेनच्या बाबतीत तो दिशाभूल करू शकतो.

नेहमीच्या चुका व उपाय

१. बीन सापडले नाही : मुख्य वर्गावर ‘एनेबल फेन क्लायंट्स’ हे चिन्ह आहे का, ते पाहावे. ते असूनही त्रुटी येत असेल, तर इंटरफेस वेगळ्या पॅकेजमध्ये असण्याची शक्यता आहे. त्या पॅकेजचे नाव चिन्हात द्यावे. ‘ॲक्शन’ स्वतः बीन तयार करण्यास सुचवते, त्याची येथे गरज नसते. इंटरफेसवर ‘कंपोनंट’ असे लिहूनही उपयोग होत नाही, कारण स्प्रिंगचा सर्वसाधारण शोध इंटरफेस वगळतो.

२. लोड बॅलन्सिंगची तक्रार : क्लायंटला थेट पत्ता दिला नसेल, तर सेवेच्या नावावरून पत्ता शोधावा लागतो. त्यासाठी स्प्रिंग क्लाउडचे लोडबॅलन्सर जोडावे किंवा पत्ता नमूद करावा.

३. नावांची टक्कर : दोन इंटरफेसना एकाच सेवेचे नाव दिल्यास ही त्रुटी येते. संदेश ‘ओव्हररायडिंग’ सुरू करण्याचा पर्याय सुचवतो. तो स्वीकारल्यास एका क्लायंटची मांडणी दुसऱ्याच्या मांडणीवर लिहिली जाऊ शकते. प्रत्येकाला स्वतंत्र ‘कॉन्टेक्स्ट आयडी’ देणे हाच योग्य उपाय होय.

४. एकाऐवजी दोन बीन : क्लायंट आणि त्याचा पर्यायी ‘फॉलबॅक’ हे दोन्ही एकाच इंटरफेसचे असतात. ओपनफेन क्लायंटला आपोआप अग्रक्रम देते. तो बदलला असेल, तर ‘क्वालिफायर’ लावून हवे ते बीन नेमके सांगावे.

५. आवृत्त्यांचा मेळ : स्प्रिंग बूट आणि स्प्रिंग क्लाउड यांच्या जोड्या ठरलेल्या आहेत. उदाहरणार्थ, बूट ३.२ बरोबर क्लाउड २०२३.० वापरावे. जोडी चुकल्यास संकलन सुरळीत होऊनही प्रणाली सुरू होताना कोसळते.

काय टाळावे?

घाईत काही जण जोडणी ‘ऐच्छिक’ ठरवतात. त्यामुळे संदेश नाहीसा होतो आणि प्रणालीही सुरू होते. परंतु क्लायंटची जागा रिकामीच राहते. मग चूक प्रोग्रॅमरच्या पडद्याऐवजी ग्राहकाच्या व्यवहारात प्रकट होते. प्रारंभीच थांबणारी प्रणाली त्रासदायक वाटली, तरी ती नुकसान टाळत असते.

पुढील वाटचाल

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या स्प्रिंग ६ मध्ये अशाच क्लायंटची अंगभूत सोय झाली. स्प्रिंग क्लाउडचे ओपनफेन आता पूर्ण विकसित मानले जाते आणि नव्या सोयीकडे वळण्याचा सल्ला त्याचे निर्मातेच देतात. साधन बदलले तरी नोंदणीचा नियम कायम आहे. म्हणून त्रुटी आल्यास प्रथम एकच प्रश्न विचारावा : या इंटरफेसची नोंद स्प्रिंगकडे कोणी आणि कोठे केली आहे?