वीस इंचांची नळी : मंगरूळपीर परिसरातील राखणीची बंदूक आणि शस्त्रकायदा

बंदुकीची किंवा रायफलची नळी कापून आखूड करणे हा भारतात स्वतंत्र गुन्हा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील सहावे कलम त्यासाठीच आहे. परवाना नसताना कोणीही अग्निशस्त्राची नळी आखूड करू नये आणि नुसत्या दिसायला बंदुकीसारख्या असलेल्या नकली वस्तूचे खऱ्या शस्त्रात रूपांतर करू नये, असे ते कलम सांगते. शहरी गुन्हेगारीच्या संदर्भात त्याची चर्चा होते. पण वाशिम जिल्ह्यातील मंगरूळपीरसारख्या शेतीच्या तालुक्यातही त्याचा संबंध येतो, कारण अशा भागात परवान्याची बंदूक पिकाच्या राखणीसाठीही घरात ठेवली जाई. तिच्या नळीची लांबी आणि शेतकऱ्याचा परवाना कायद्याने एकत्र बांधलेले आहेत.

मंगरूळपीर हे अडाण नदीच्या खोऱ्यातले, दक्षिण वऱ्हाडच्या पठारावरचे गाव. हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे गावाच्या नावाला ‘पीर’ जोडला गेला. आसपासची शेती पूर्वी ज्वारी, कपाशी आणि तुरीची होती. आता सोयाबीनने मोठी जागा घेतली आहे. पीक बदलले तरी त्याचे वैरी बदलले नाहीत. रोह्यांचा कळप रात्रीतून तुरीचे शेंडे खुडून जातो, रानडुकरे ताटे आडवी करतात, हरणे कोवळा हरभरा संपवतात. शेजारच्या कारंजा तालुक्यात सोहळ येथे काळविटांसाठी अभयारण्य आहे, यावरून या भागातल्या वन्यजीवांची कल्पना येते. राखणीचे जुने उपाय म्हणजे माळ्यावरची जागल, गोफण, पत्र्याचे डबे, शेकोटी आणि कुत्री. ज्याला परवडे आणि ज्याला परवाना मिळे, तो ठासणीची बंदूक बाळगी. तिचा बार बहुतेक वेळा जनावर मारण्यापेक्षा ते हुसकावण्यासाठीच असे.

इंग्रजी अंमलापूर्वी शस्त्र बाळगण्यावर या भागात परवान्याची पद्धत नव्हती. वऱ्हाड निजामाचे होते. गढीवरचे देशमुख, डोंगरातले नाईक, रोहिले आणि अरब शिपाई अशा सगळ्यांकडे तोड्याच्या बंदुका असत. १८१९ च्या जानेवारीत निजामाच्या फौजेने हटकरांचे पुढारी नौसाजी नाईक यांच्या नोव्ह्याच्या किल्ल्याला वेढा घालून तो घेतला. त्या लढाईत दोन्ही बाजूंकडे बंदुका होत्या. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला. तरीही मालकी निजामाची मानली जात असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. गव्हर्नर जनरलच्या हुकमाने ते लावावे लागत. मंगरूळ त्या काळात वाशिम जिल्ह्याचा तालुका होता. त्या जिल्ह्यात वाशिम, मंगरूळ आणि पुसद असे तीनच तालुके होते.

१८५७ च्या उठावानंतर सरकारचा शस्त्रांकडे पाहण्याचा दृष्टिकोनच पालटला. १८६० साली शस्त्रांसाठी कायदा आला आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा भारतीय शस्त्र अधिनियम झाला. रयतेच्या हातातली शस्त्रे कमी करणे हाच त्याचा हेतू होता. युरोपियनांना त्यातून सूट होती आणि हिंदी माणसाला परवान्यासाठी अर्ज करावा लागे. ही वागणूक अपमानाची होती, आणि काँग्रेसने सुरुवातीच्या काळापासून तिच्याविरुद्ध आवाज उठवला. १९३० साली गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने देण्याचीही मागणी होती. त्याच वर्षी १० जुलैला, पूर्वी वाशिम जिल्ह्यात असलेल्या पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला. जंगल सरकारचे, गवत सरकारचे आणि बंदूकही सरकारच्या मर्जीची, हे तिन्ही जाच एकाच शेतकऱ्याच्या वाट्याला येत होते.

१८७८ च्या कायद्याने विनापरवाना शस्त्र बनवणे, त्याचे रूपांतर करणे आणि विकणे यांना बंदी घातली होती. मात्र नळी आखूड करण्यासाठी वेगळे कलम त्यात नव्हते. त्या काळच्या सरकारला बंदूक कोणाच्या हातात आहे याची चिंता होती. ती किती लांब आहे हा प्रश्न पुढच्या शतकात आला.

तो आधी परदेशात आला. अमेरिकेत दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांत कोटाखाली लपवता येणाऱ्या, नळी कापलेल्या छऱ्याच्या बंदुका वापरल्या गेल्या. १९३४ साली तेथे केंद्रीय कायदा झाला आणि १८ इंचांपेक्षा आखूड नळीच्या बंदुका व रायफली नोंदणी आणि करांच्या कक्षेत आल्या. रायफलींसाठीची मर्यादा पुढे १९६० मध्ये १६ इंचांवर आली. ब्रिटनच्या १९६८ च्या कायद्यात छऱ्याच्या बंदुकीची नळी २४ इंचांपेक्षा आखूड करणे गुन्हा ठरवले गेले. दोन्हीकडे विचार एकच होता. लांब बंदूक उघडपणे बाळगावी लागते. आखूड केलेली लपवता येते. शेतात किंवा शिकारीवर आखूड नळीचा फारसा उपयोग नसतो. नळी कापली की तोंडाजवळचा नेमाचा मणी जातो, अनेक बंदुकांत तोंडाशी असलेला नळीचा निमुळता भाग जातो आणि छरे लवकर फाकतात. रायफलीत दारू पूर्ण जळण्याआधीच गोळी बाहेर पडते, त्यामुळे वेग घटतो आणि तोंडाशी जाळ मोठा होतो. राखणदाराला या बदलातून काहीही मिळत नाही.

स्वतंत्र भारताने १९५९ साली जुना कायदा रद्द करून नवा शस्त्र अधिनियम केला. तो १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला. कायदा झाला तेव्हा मंगरूळपीर द्वैभाषिक मुंबई राज्यात होते आणि अमलात आला तेव्हा महाराष्ट्रात. परवान्याचे जिल्हा पातळीवरचे कार्यालय अकोल्याला होते, कारण १९०५ च्या फेररचनेत जुना वाशिम जिल्हा मोडून वाशिम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला जोडले गेले होते. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा पुन्हा निर्माण झाला. त्यानंतर मंगरूळपीरच्या परवानाधारकाच्या पुस्तकावर पुन्हा वाशिमचा शिक्का येऊ लागला.

या कायद्याचे तेरावे कलम शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते. संरक्षण किंवा खेळासाठी ज्याला २० इंचांपेक्षा आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक हवी आहे, अशा नागरिकाला परवाना द्यावा, असे ते सांगते. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्यालाही परवाना द्यावा, असे त्याच वाक्यात म्हटले आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी खात्री पटली, तर परवाना अधिकारी पीकरक्षणासाठी वीस इंची अटीतली दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करू शकतो. बाकीच्या शस्त्रांसाठी अर्जदाराला सबळ कारण दाखवावे लागते. १८७८ च्या तुलनेत हा मोठा बदल होता. पिकाची राखण हे शस्त्र बाळगण्याचे रास्त कारण आहे, हे कायद्याच्या मजकुरातच लिहिले गेले. अर्थात परवाना नाकारण्याची कारणे पुढच्या कलमात आहेतच.

वीस इंच म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर, म्हणजे साधारण एका हाताहून थोडी जास्त लांबी. बाजारातल्या बारा बोअरच्या एकनळी किंवा दुनळी बंदुकीची नळी साधारण २८ ते ३० इंचांची असते. अशा बंदुकीची नळी कोणी बारा इंचांनी कापली तर कायद्याच्या नजरेत ती वेगळीच वस्तू होते. १९६२ च्या शस्त्र नियमांनी २० इंचांपेक्षा आखूड नळीच्या गुळगुळीत बंदुका पहिल्या वर्गात, अर्धस्वयंचलित शस्त्रांच्या बरोबर ठेवल्या. २०१६ च्या नव्या नियमांनीही ही विभागणी कायम ठेवली. त्यामुळे जिल्हादंडाधिकाऱ्याने साध्या बंदुकीसाठी दिलेला परवाना अशा कापलेल्या बंदुकीला पांघरूण घालू शकत नाही. धारकाकडे परवान्याचे पुस्तक आहे, पण त्यात लिहिलेले शस्त्र आता अस्तित्वातच नाही, अशी स्थिती होते.

येथे एक मोठा गैरसमज दूर होणे गरजेचे आहे. ब्रिटन किंवा अमेरिकेतल्या इंचांच्या मर्यादा ऐकून अनेकांना वाटते, की वीस इंच शिल्लक ठेवून नळी कापली तर चालते. भारतात तसे नाही. सहाव्या कलमात इंचांचा उल्लेखच नाही. तीस इंची नळी अठ्ठावीस इंची केली तरी ती आखूड करणेच ठरते आणि त्यासाठी परवाना लागतो. वीस इंचांची रेषा फक्त शस्त्राचा वर्ग ठरवते. ती कापण्याची मुभा देत नाही.

रायफलीचेही तेच. सहाव्या कलमातला शब्द ‘अग्निशस्त्र’ असा आहे. त्यात गुळगुळीत नळीची बंदूक, आटे पाडलेली रायफल, पिस्तूल आणि ठासणीची बंदूक हे सारे येते. भारतात रायफलीच्या बाबतीत लांबीआधी बोअर पाहिला जातो. सैन्याच्या .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर काडतुसांना चालणाऱ्या रायफली नागरिकांसाठी निर्बंधित आहेत. त्यामुळे इशापूरच्या रायफल फॅक्टरीने नागरी बाजारासाठी .३१५ बोअरची रायफल बनवली, जिच्यात लष्करी काडतूस बसत नाही. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सहाव्या कलमात आणखी एक भर घातली. २०१६ च्या नियमांत दिलेल्या एका वर्गातल्या शस्त्राचे दुसऱ्या वर्गातल्या शस्त्रात रूपांतर करणेही आता परवान्याशिवाय गुन्हा आहे. रायफल कापून तिचे पिस्तुलासारखे आखूड शस्त्र बनवणे या दोन्ही शब्दांत सापडते.

त्याच दुरुस्तीने शिक्षा फार वाढवली. पूर्वी नळी आखूड करण्याच्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद होती. आता किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप, शिवाय दंड. विनापरवाना शस्त्र बनवणाऱ्यालाही हीच शिक्षा आहे. आणखी एक फरक लक्षात घ्यावा लागतो. परवान्याशिवाय शस्त्र बाळगल्याचा, म्हणजे तिसऱ्या कलमाचा खटला भरण्यापूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्याची मंजुरी लागते. नळी आखूड केल्याच्या खटल्याला ती अट नाही. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे असू शकतात असे ठरले, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली.

ग्रामीण भागात प्रश्न उभा राहतो तो बहुतेकदा जुन्या बंदुकीवरून. आजोबांच्या परवान्याची ठासणीची बंदूक वर्षानुवर्षे छपरात पडून असते. पावसाळी हवेने नळीचे तोंड गंजते, कधी जास्त दारू ठासल्याने ते फुटलेले असते. गावातला लोहार ते टोक करवतीने साफ करून देऊ शकतो. काम दहा मिनिटांचे, पण कायद्याच्या दृष्टीने ते नळी आखूड करणे आहे. बंदूक दुरुस्त करण्यासाठीही पाचव्या कलमाखाली परवाना लागतो, आणि लोहाराकडे तो नसतो. बंदुकीवरचा क्रमांक किंवा कारखान्याची खूण पुसणे, बदलणे हा आठव्या कलमाखालचा आणखी वेगळा गुन्हा आहे. मूळ परवानाधारक मरण पावला असेल, तर घरच्यांनी ती बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, असे एकविसावे कलम सांगते. वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मिळाला तरच ती परत घरात येऊ शकते. जी बंदूक दुरुस्त करूनही चालणार नाही, तिच्यासाठी कायद्यात सूट आहे. मात्र ती तशी आहे की नाही, हे मालकाने आपल्या मनाशी ठरवून भागत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर राखणीच्या बंदुकीचे काम आणखी आकसले. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेले. रोही आणि रानडुक्कर मारायलाही परवानगी आवश्यक झाली. उभ्या पिकाला धोकादायक ठरणाऱ्या काही प्राण्यांच्या शिकारीची परवानगी देण्याचा अधिकार त्या कायद्याच्या अकराव्या कलमात आहे, आणि त्याचा आधार घेऊन महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रोही व रानडुकरांबाबत वन अधिकाऱ्याच्या परवानगीची वाट खुली केली. म्हणजे बंदुकीचा परवाना जिल्हादंडाधिकाऱ्याकडून, बार काढण्याची परवानगी वन खात्याकडून आणि नुकसानभरपाईचा अर्ज तिसऱ्या टेबलावर. ज्याची तूर एका रात्रीत जाते त्याला हे सगळे जड वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्या तक्रारीत तथ्य आहे. परंतु पिकाच्या राखणीला कायद्यात जे स्थान मिळाले ते लांब, उघड दिसणाऱ्या, नोंदलेल्या बंदुकीला मिळाले. नळीला करवत लावली की ते संरक्षण संपते.

म्हणून ज्या घरात जुनी परवान्याची बंदूक आहे आणि तिचे तोंड खराब झाले आहे, त्या घराने ती लोहाराकडे नेऊ नये. बंदूक आहे तशीच परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करावी, पावती घ्यावी आणि वाशिमच्या जिल्हादंडाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज करावा.