टाकी किती, तोटी केवढी?

ग्रिडला जोडलेल्या बॅटऱ्यांचा इतिहास पाहताना मला एक गोंधळ वारंवार आढळतो. बॅटरी केवढी, हे सांगताना अनेकदा फक्त मेगावॉट सांगितले जातात. पण मेगावॉट म्हणजे तोटीची धार; टाकीत पाणी किती, हे कळते ते मेगावॉट-तासांवरून.

१९८८ साली कॅलिफोर्नियात चिनो येथे शिसे-आम्ल बॅटरी बसवली गेली. कमी मागणीच्या वेळची वीज साठवून गर्दीच्या वेळी वापरून पाहायची होती. ती १० मेगावॉट वीज चार तास देई. साठा ४० मेगावॉट-तास. २००३ मध्ये अलास्कातील फेअरबँक्सला निकेल-कॅडमियम बॅटरी आली. २७ मेगावॉट, पण १५ मिनिटेच; साठा सात मेगावॉट-तासांहून कमी. धार पाहिली तर फेअरबँक्स अडीचपटीहून मोठी, साठा पाहिला तर चिनो जवळजवळ सहापट.

म्हणून फेअरबँक्सची बॅटरी तोकडी ठरत नाही. तिथे हिवाळ्यात पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरतो. वीज गेली की घरातले नळही गोठू शकतात. राखीव जनित्रे सुरू होईपर्यंतची मिनिटे निभावणे, एवढेच तिचे काम.

२०१६ च्या सप्टेंबरात दक्षिण ऑस्ट्रेलिया अंधारात बुडाले. पुढच्या वर्षी तिथे हॉर्न्सडेलची बॅटरी उभी राहिली. गाजला तो १०० मेगावॉटचा आकडा. १२९ मेगावॉट-तासांचा साठा मात्र पूर्ण धारेने सव्वा तासच पुरणारा. ग्रिडचा तोल क्षणात सावरायला तो पुरेसा, वारा पडलेली रात्र काढायला अपुरा.

सूर्य आणि वाऱ्यावर भिस्त वाढत असताना नुसत्या मेगावॉटवर विसंबणे धोक्याचे आहे. नव्या बॅटरीची बातमी आली की माझा पहिला प्रश्न असतो: किती वेळ?