परळहून मुलकोवालला गेलेली बाटली

मुलकोवाल हे पंजाबातले एक गाव. आज ते पाकिस्तानात आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे प्लेगची लस टोचण्यात आली. मुंबईच्या प्रयोगशाळेतून आलेल्या पाच बाटल्यांतून त्या दिवशी १०७ जणांनी टोचून घेतले. त्यांतल्या ‘५३-एन’ या एकाच बाटलीतली लस १९ जणांना मिळाली आणि पुढच्या काही दिवसांत त्या एकोणीसही जणांना धनुर्वात होऊन ते दगावले. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचून घेतलेल्या ८८ जणांना काही झाले नाही. ही लस तयार करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्या चरित्रात ही घटना एका थोर शास्त्रज्ञावरचा अन्याय म्हणून येते, आणि अन्याय झाला यात शंका नाही. पण मुलकोवालची गोष्ट तेवढ्यावर संपवली, तर त्या एकोणीस माणसांच्या मरणातून शिकण्याजोगे जे होते ते हातचे निसटते. हाफकिनवर ठपका ठेवणाऱ्यांनी आणि पुढे त्यांना निर्दोष ठरवणाऱ्यांनीही एकच प्रश्न विचारला होता : चूक कोणाची? लस अनेक हातांतून गेली होती. त्या हातांनी एकमेकांना काय सांगितले आणि काय सांगायचे राहिले, हा प्रश्न बाजूलाच पडला. रुग्णाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच होता.

असे का झाले हे समजायला आधीची सहा वर्षे पाहायला हवीत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढच्याच महिन्यात हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा आणि मोजके मदतनीस मिळाले. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्या थेंबांखाली प्लेगचे जंतू वाढू द्यायचे, मग उष्णतेने ते मारायचे, अशी त्यांची पद्धत होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी केली. या टप्प्यावर बनवणारा, तपासणारा आणि टोचणारा जवळजवळ एकच माणूस होता. कुणी कुणाला काही समजावून सांगण्याची फारशी गरजच पडत नव्हती. मग आगाखानांनी खुश्रू लॉज वापरायला दिला आणि ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तिथून लस हजारो बाटल्यांत भरून देशभर जाऊ लागली. फ्लास्क आणि दंड यांच्यामध्ये आता जंतू वाढवणारे, बाटल्या भरणारे, त्या बांधून पाठवणारे, जिल्ह्याचे अधिकारी, गावात जाणारे डॉक्टर आणि त्यांचे साहाय्यक अशी मोठी रांग उभी राहिली. उत्पादन कित्येक पटींनी वाढले. या रांगेतल्या माणसांमधला संवाद मात्र त्या प्रमाणात वाढला नाही, आणि मुलकोवालचे मूळ मला तिथे दिसते.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने लाखो लोकांना लस टोचण्याची मोहीम आखली. एवढी मागणी जुन्या रीतीने भागणार नव्हती, म्हणून हाफकिन यांनी उत्पादनाची पद्धत बदलली. त्याच बदलात, जंतू मारल्यानंतर लसीत थोडे कार्बोलिक अॅसिड घालण्याची रीत त्यांनी सोडली आणि निर्जंतुकतेची मदार उष्णतेवर ठेवली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हीच रीत होती. शास्त्र म्हणून या निर्णयात काही अक्षम्य होते असे मला वाटत नाही. पण तो रीतसर मंजुरी न घेता झाला होता, आणि त्याचा एक व्यवहारी परिणाम होता : बाटलीचे बूच निघाल्यानंतर आत काही पडले, तर त्याला अडवणारे थोडेफार कार्बोलिकही आता तिथे नव्हते. म्हणजे परळमध्ये एक पायरी कमी झाली, तेव्हा बाटली उघडणाऱ्याची जबाबदारी वाढली. पुढच्या सगळ्या वादात कार्बोलिक काढणे बरोबर की चूक यावर पाने भरली. ते काढल्याचे कोणाकोणाला कळायला हवे होते, यावर जवळजवळ कोणी लिहिले नाही.

दुसरे टोक मुलकोवालला होते. ५३-एन ही बाटली तिथे पोचण्याच्या सुमारे सहा आठवडे आधी भरलेली होती. ती उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो ज्योतीवर नीट तापवला नाही. कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून काढला आणि त्यानेच बूच ओढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि त्यांची बीजे कार्बोलिकच्या घटकाभराच्या आंघोळीने मरत नाहीत. आज नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही हे सांगता येईल. भोवती रांगेत उभी माणसे, दिवसभराचे लक्ष्य, साहेब डॉक्टर आणि त्याच्या हाताखालचा देशी साहाय्यक असे ते दृश्य होते. ‘चिमटा खाली पडला, थांबू या’ असे म्हणण्याची मुभा त्या साहाय्यकाला होती का, याचे उत्तर चौकशीने शोधायला हवे होते. ते शोधले असते तर मुलकोवालचे नाव आज वेगळ्या कारणासाठी घेतले गेले असते.

सरकारने नेमलेल्या आयोगाचे प्रमुख होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स. दूषण बाटली उघडण्यापूर्वी, म्हणजे परळमध्येच झाले, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि कार्बोलिक वगळणे ही गंभीर चूक ठरवली. कागदपत्रे नंतर लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटकडे गेली. बाटलीत जंतू होते हे संभवते, पण ते कोणत्या टप्प्यावर आणि कसे शिरले हे ठरवता येत नाही, असे तिथल्या तज्ज्ञांनी सांगितले. या सगळ्या लिखाणात मला हेच मत सर्वांत प्रामाणिक वाटते. प्रयोगशाळेचे संचालकपद हातचे गेलेले हाफकिन १९०४ मध्ये भारत सोडून गेले. अहवाल सरकारी गॅझेटात छापून यायला १९०६ उजाडले. चार वर्षे ज्यांच्या हातून बाटल्या जात होत्या, त्यांना नेमके काय बिघडले हे वाचायलाही मिळाले नाही. एका अपघातातून शिकण्याची वाट यापेक्षा पक्की बंद करता येणार नाही.

मग मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस मैदानात उतरले. धनुर्वाताचे जंतू त्या द्रवात सहा आठवडे वाढत राहिले असते तर बाटलीला दुर्गंध आला असता, आणि तसा वास आल्याचा पुरावा नाही. उलट जमिनीवर पडलेल्या चिमट्याचा पुरावा आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. २९ जुलै १९०७ च्या लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रॉस, सायमन फ्लेक्सनर आणि इतर नामवंतांच्या सह्यांचे पत्र आले आणि हाफकिनवरचा आरोप टिकत नाही हे त्यांनी स्पष्ट केले. वर्षअखेर हाफकिन दोषमुक्त होऊन कलकत्त्याला परतले. रॉस यांनी मोठे काम केले, याबद्दल त्यांच्याविषयी आदरच वाटतो. पण त्यांच्या युक्तिवादाने दोष परळहून उचलून मुलकोवालला नेऊन ठेवला. तो आता एका नामांकित शास्त्रज्ञाऐवजी एका साहाय्यकाच्या डोक्यावर आला, आणि त्या साहाय्यकासाठी ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिणारे कोणी नव्हते. निकाल फिरला तरी प्रश्न जुनाच राहिला. दोन्ही निकालांत प्रयोगशाळा आणि गाव यांच्यामधली जागा कोणी तपासली नाही.

आजची समज मी शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांवर लादतो आहे, असा आक्षेप कोणी घेईल. हा आक्षेप मला मान्य नाही, कारण असा विचार त्या काळी याच देशात रोज अमलात येत होता. ज्या रेल्वेने माणसे आणि माल मुंबईहून पंजाबात जात, तिच्या स्टेशनमास्तरांना पुढच्या स्टेशनकडून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्याशिवाय गाडी सोडता येत नसे. एकाने विचारायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे, नोंद करायची आणि मगच झेंडी. धोक्याच्या कामात दोन टोकांच्या माणसांनी एकमेकांशी ठरलेल्या शब्दांत बोलले पाहिजे, हे रेल्वेला कळले होते. वैद्यकाला ते कळले नव्हते, कारण वैद्यकात डॉक्टरचे कौशल्य ही व्यक्तीची मालमत्ता मानली जाई आणि कौशल्याला विचारणा करणे हा अपमान वाटे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळ्या साखळीला दोष दिला की कुणालाच दोष लागत नाही, आणि एकोणीस घरांना उत्तर द्यायला कोणी उरत नाही. ही भीती खरी आहे. पण साखळी तपासल्याने जबाबदारी विरघळत नाही. ती अधिक नेमकी होते. हाफकिन यांनी कार्बोलिक काढले याचा दोष मी त्यांना देणार नाही. पद्धत बदलताना मंजुरी आणि सूचना यांची वाट त्यांनी धरली नाही, याचा देईन. साहाय्यकाचा चिमटा पडला याचा दोष नाही, चिमटे पडतातच. पण पडलेला चिमटा बाजूला ठेवून दुसरा घ्यायची सोय ज्यांनी केली नाही, त्यांना उत्तर द्यावे लागेल. हाफकिन रशियातून आलेले ज्यू होते, ब्रिटिश लष्करी वैद्यकीय सेवेबाहेरचे होते, म्हणून त्यांचा बळी घेतला गेला, असेही म्हटले जाते. त्या काळी काहींनी या प्रकरणाची तुलना फ्रान्समधल्या ड्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरच्या खोट्या खटल्याशी केली. त्यात तथ्य आहे. पण त्याने बळी कोणाचा हे कळते. बळी शोधायचाच कशाला, हे कळत नाही.

चूक माणसापेक्षा साखळीत शोधावी, ही समज वैद्यकात पसरायला जवळजवळ शतक गेले. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ मध्ये एक अहवाल दिला. त्या देशाच्या रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे वर्षाला ४४ ते ९८ हजार माणसे मरत असावीत असा अंदाज त्यात होता, आणि बहुतेक चुका वाईट माणसांच्या नसून वाईट रचनेच्या असतात हे मत ठामपणे मांडलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची तपासयादी त्यानंतर आली. चिरा देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, रुग्ण, शस्त्रक्रिया आणि जागा मोठ्याने बोलून पक्की करायची. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात शंभरावर रुग्णालयांत यादी लागू झाली, पण २०१४ च्या अभ्यासात तिथे लक्षणीय फरक दिसला नाही. काहींनी यातून यादीच निरुपयोगी ठरवली. मला यातून उलट अर्थ लागतो : कागदावर खुणा केल्याने काही होत नाही, नर्सने सर्जनला थांबवण्याची मुभा खरोखर असेल तरच होते.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव दिले गेले. तिच्यातूनच निघालेली हाफकिन बायोफार्मा पोलिओचे थेंब बनवते. १९९६ पासून पोलिओच्या बाटल्यांवर एक छोटा चौकोन येऊ लागला, जो लसीला वाटेत किती उष्णता लागली ते रंग बदलून सांगतो. मागच्या हातांनी काय केले हे शेवटच्या हाताला दिसावे, ही मुलकोवालला नसलेली सोय त्या चौकोनाने केली. पण बाटलीत दुसरेच काही असेल तर तो चौकोन काही सांगू शकत नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या बूथवर बारा मुलांना थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने वाचली. तीन कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई होणार असल्याचे जाहीर झाले, आणि बातम्यांत तेच पुढे आले. बूथवर बाटली हातात देणाऱ्याने तिच्यावरचे नाव मोठ्याने वाचावे आणि घेणाऱ्याने ते परत म्हणावे, याला खर्च येत नाही. तशी सूचना राज्यातल्या प्रत्येक बूथला गेली असती, तर पुढच्या पोलिओ रविवारी तिचा उपयोग निलंबनाच्या आदेशापेक्षा जास्त झाला असता.