टाइनकाठी, इ.स. 210

दक्षिणेकडून येताना तुम्हाला आधी टाइन नदी लागते. पायाखाली यॉर्कहून निघालेला फरसबंद रस्ता आहे. दगडी पुलावरून तो नदी ओलांडतो आणि उत्तरेला स्कॉटलंडच्या दिशेने जातो. पूल उतरून चढण चढलात की पश्चिमेला कार्लाइलकडे जाणारी दुसरी वाट फुटते. हा पूल आणि हे दोन रस्ते म्हणजेच कोरिया, आजचं कॉरब्रिज. इ.स. 85 च्या सुमारास इथे लाकूड-मातीचा किल्ला उभा राहिला. हेड्रियनची भिंत उत्तरेला जेमतेम चार किलोमीटरवर आहे.

सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस सध्या स्कॉटलंडच्या मोहिमेवर आहे आणि त्याच्या सैन्याला धान्य लागतं, त्यामुळे रस्त्याला लागून असलेल्या दोन धान्यकोठारांपाशी थांबाच. भिंतीच्या पायथ्याशी झरोके दिसतील. आतली फरशी बुटक्या भिंतींवर उचललेली आहे. खालून वारा खेळतो, म्हणून या दमट हवेतही दाणा कोरडा राहतो. मला विचाराल तर रोमची खरी ताकद तलवारीपेक्षा या झरोक्यांत होती. शेजारी कारंजं आहे, उत्तरेकडून पाटाने आणलेलं पाणी तिथल्या टाकीत पडतं.

आता माणसं पाहा. एका वेदीवर सीरियाकडची देवी अस्टार्टे, दुसरीवर टायर शहराचा हेराक्लीस, आणि दोन्हींवरचा मजकूर ग्रीक! याच पश्चिमेच्या वाटेवरच्या विंडोलांडा किल्ल्यात लाकडी पाटीवर मिरीचा हिशेब सापडला आहे. ती मिरी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आलेली.

बरातेसला मात्र विसरू नका. तो वाळवंटातल्या पाल्मिराचा. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी गेला, आणि त्याच्या नावाचा साधा थडग्याचा दगड इथे मिळाला. याच नावाच्या पाल्मिरावासी माणसाने नदीच्या मुखाशी, साउथ शील्ड्सला, बायकोसाठी फार देखणं स्मारक उभारलं आहे. तो बहुधा हाच. ती रेजिना, दक्षिण ब्रिटनमधल्या कातुवेलाउनी जमातीची. आधी त्याची गुलाम, मग त्याने मुक्त केलेली. तिशीत गेली. लॅटिन मजकुराखाली त्याने स्वतःच्या लिपीत एक ओळ कोरून घेतली: तिचं नाव, आपलं नाव आणि एक हळहळ. साम्राज्याच्या टोकावर ती ओळ किती जणांना वाचता आली असेल?

रोमन गेल्यावर गाव थोडं पूर्वेला सरकलं आणि जुने दगड नव्या भिंतींत गेले. सेंट अँड्र्यू चर्चच्या मनोऱ्याखालची कमान रोमन आहे. सातव्या शतकात बिशप विल्फ्रिडने हेक्समला बांधलेल्या तळघरातही इथलेच कोरीव दगड आहेत. 1964 मध्ये उत्खननात लोखंडी पट्ट्यांची एक लाकडी पेटी निघाली. आतल्या चिलखतांवरून रोमन सैनिकाचं पट्ट्यांचं चिलखत नेमकं कसं जोडलेलं असे, हे अभ्यासकांना उलगडलं.

कॉरब्रिजला गेलात तर कोठारांच्या फरशीखाली वाकून पाहा. आणि मग साउथ शील्ड्सच्या संग्रहालयात जाऊन रेजिनाला भेटल्याशिवाय परत येऊ नका.