लापूटा व बालनिबार्बी

जॉनथन स्विफ्ट (१६६७–१७४५) यांच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ (१७२६) या ग्रंथाच्या तिसऱ्या भागातील काल्पनिक राज्य. स्थान पॅसिफिक महासागरात, जपानच्या पूर्वेस. राज्याचे दोन भाग आहेत : आकाशात तरंगणारे लापूटा हे बेट आणि त्याच्या अमलाखालची बालनिबार्बी ही भूमी. राजा, दरबार व विद्वान वर राहतात. शेतकरी, कारागीर व बाकीची प्रजा खाली. जगातील बहुतेक राज्यांत श्रीमंत-गरीब ही दरी मोजावी लागते. इथे ती मान वर करून पाहता येते.

ग्रंथाचा नायक गलिव्हर येथे येतो तो हिंदुस्थानावरून. १७०७ च्या एप्रिलमध्ये त्याचे जहाज मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याला लागते. तेथून टोंकिनला गेल्यावर तो चाच्यांच्या हाती सापडतो आणि ते त्याला एका लहान होडीत समुद्रात सोडून देतात. ओसाड खडकावर बसलेल्या गलिव्हरला लापूटावाले साखळीला बांधलेल्या आसनातून वर ओढून घेतात.

रचना : बेट अचूक वर्तुळाकार असून व्यास ७,८३७ यार्ड (सुमारे ७ किमी.), क्षेत्रफळ १०,००० एकर व जाडी ३०० यार्ड आहे. तळाशी वज्रासारख्या कठीण खनिजाचा २०० यार्ड जाडीचा सपाट थर आहे. मध्यभागी एक विवर असून त्यातून खगोलज्ञांच्या गुहेत उतरता येते. गुहेत वीस दिवे अखंड जळत असतात आणि आसावर ६ यार्ड लांबीचा प्रचंड चुंबकदगड बसवलेला आहे. दगडाचे एक टोक खालच्या भूमीकडे ओढले जाते, दुसरे तिच्यापासून दूर लोटले जाते. ओढणारे टोक खाली केले की बेट उतरते, लोटणारे खाली केले की चढते, दगड आडवा धरला की जागच्या जागी थांबते.

या यंत्रणेतील कळीची गोष्ट घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते. चुंबकाला प्रतिसाद देणारे खनिज फक्त बालनिबार्बीच्या पोटात आणि तिच्या किनाऱ्यापासून सुमारे सहा लीगपर्यंतच्या समुद्रतळात आहे. त्यामुळे बेट राज्याच्या हद्दीबाहेर जाऊ शकत नाही. चार मैलांपेक्षा वरही ते चढू शकत नाही. राजाला आकाशात ठेवणारी शक्ती प्रजेच्या मातीत आहे. स्विफ्ट यांनी हे कुठेही उपदेश म्हणून सांगितलेले नाही. ते यंत्राच्या वर्णनातच बसवले आहे, आणि माझ्या मते संपूर्ण तिसऱ्या भागातील सर्वांत खोल विचार हाच आहे.

समाज व शासन : वरच्या वर्गाला गणित आणि संगीत यांखेरीज कशातही रस नाही. विचारात ते इतके बुडालेले असतात की बोलणाऱ्याकडे लक्ष जावे म्हणून पदरी खास नोकर ठेवावे लागतात. काठीला बांधलेल्या, आत वाळलेले वाटाणे किंवा बारीक खडे असलेल्या फुग्याने हे नोकर मालकाच्या कानावर, तोंडावर हलकेच थापट्या मारत राहतात. भूमितीचे हे पंडित व्यावहारिक भूमिती मात्र हलकी समजतात. त्यामुळे त्यांच्या घरांच्या भिंती तिरक्या आहेत आणि कोनमापक लावून शिवलेले कपडे अंगाला बसत नाहीत.

बेट गावांवर थांबले की वरून वजन बांधलेल्या सुतळ्या सोडल्या जातात आणि लोक त्यांना आपले अर्ज बांधतात. दारू व खाद्यपदार्थ कप्प्यांनी वर खेचले जातात. वर-खाली जाणे-येणे राजाच्या परवानगीवाचून होत नाही. स्वतः राजा आणि त्याचे थोरले दोन पुत्र यांनाही मूलभूत कायद्याने बेट सोडता येत नाही. सर्वांत श्रीमंत दरबारी म्हणजे पंतप्रधान. त्याची पत्नी बेटावरचा वाडा सोडून खालच्या लगाडो नगरात पळते, परत आणली जाते आणि दागिने घेऊन पुन्हा पळते.

बंडखोर नगरांसाठी राजापाशी तीन शिक्षा आहेत. पहिली म्हणजे नगरावर बेट स्थिर ठेवून ऊन-पाऊस अडवणे. तेवढ्याने भागले नाही तर वरून मोठे दगड टाकणे. शेवटची म्हणजे बेटच नगरावर आदळवणे. ही शेवटची सहसा दिली जात नाही, कारण मंत्र्यांच्या जमिनी खालीच आहेत. शिवाय उंच खडकांवर वा दगडी मनोऱ्यांवर आपटून बेटाचा तळ फुटण्याची भीती आहे.

बालनिबार्बी : मुख्य नगर लगाडो, आकाराने लंडनच्या निम्मे. लोक फाटक्या कपड्यांत, शून्य नजरेने भराभर चालताना दिसतात. जमीन सुपीक, पण पीक नाही. गलिव्हर येण्याच्या सुमारे चाळीस वर्षे आधी काही माणसे लापूटाला जाऊन थोडेसे गणित शिकून आली आणि त्यांनी शेती, बांधकाम, भाषा सारे नव्याने रचण्याचा ध्यास घेतला. त्यातून उभ्या राहिलेल्या अकादमीत काकडीतून सूर्यकिरण काढण्याचा आणि घर छपरापासून खाली बांधत येण्याचा प्रयोग चालतो. जुन्या पद्धतीने शेती करणारा मुनोदी हा सरदार तेवढा सुखी आहे. त्याची नदीच्या प्रवाहावर उत्तम चालणारी गिरणी होती. योजनाकारांनी ती पाडून डोंगरावर नवी बांधायला लावली. शंभर माणसे दोन वर्षे राबली, काम फसले आणि दोष मुनोदीच्या माथी आला. वरच्यांच्या अर्धवट ज्ञानाची किंमत खालच्यांनी मोजली.

लिंडालिनोचे बंड : राज्यातील दुसऱ्या क्रमांकाच्या या नगराने दीर्घ जुलमाला कंटाळून वेशी बंद केल्या आणि राज्यपालाला कैद केले. चार कोपऱ्यांना चार मनोरे उभारून त्यांवर, तसेच मधल्या सुळक्यावर, चुंबकदगड बसवले. बेटाचा तळ फोडण्यासाठी जळाऊ पदार्थांचा साठाही केला. राजाने बेट खाली आणताच ते जोराने ओढले जाऊ लागले आणि त्याला नगराच्या अटी मान्य कराव्या लागल्या. बेट अडकून पडले असते तर राजाला मारून राज्यपद्धतीच बदलण्याचा नागरिकांचा निश्चय होता.

लिंडालिनो म्हणजे आयर्लंडमधील डब्लिन, असे अभ्यासक मानतात. १६९९ च्या कायद्याने आयरिश लोकरी कापडाच्या निर्यातीचा गळा आवळला गेला होता, अनेक जमीनदार आयर्लंडचा खंड इंग्लंडमध्ये बसून खर्च करीत होते आणि १७२० मध्ये ब्रिटिश संसदेने आयर्लंडसाठी कायदे करण्याचा हक्क जाहीर केला होता. १७२२ मध्ये विल्यम वुडला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडण्याचा परवाना मिळाला, तेव्हा डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचे डीन असलेल्या स्विफ्ट यांनी कापडविक्याच्या नावाने पत्रे लिहून लोकांना ती नाणी नाकारायला सांगितले. लेखकाचे नाव सांगणाऱ्यास सरकारने ३०० पौंडांचे बक्षीस लावले. कोणीही सांगितले नाही. १७२५ मध्ये परवाना मागे घेतला गेला.

मंगळाला दोन चंद्र असल्याचे लापूटाचे खगोलज्ञ सांगतात. प्रत्यक्षात ते १८७७ मध्ये सापडले. त्यांपैकी फोबोसवरील दोन भूभागांना आज लापूटा व लगाडो ही नावे आहेत. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या १९८६ च्या चित्रपटातील आकाशातल्या किल्ल्याचे नावही इथूनच आले.

मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्या बहुधा लिलिपुटपाशी आणि राक्षसांच्या देशापाशी थांबतात, त्यामुळे हे राज्य अनेक वाचकांच्या वाट्याला येतच नाही. लिंडालिनोचा मजकूर तर लेखकाच्या हयातीत छापलाच गेला नाही. तो प्रथम १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटाजवळ तो आहे की नाही हे पाहूनच वाचकाने आवृत्ती निवडावी.