रंगभूमि आणि अपंग मूल

श्रोतेहो, नाटक म्हणजे करमणूक, असा आपला सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्या मुलाला दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं, किंवा ज्याची समज सावकाश वाढते, त्याला चार माणसांत वावरण्याचें शिक्षण नाटकांतून मिळूं शकतें. रंगभूमीच्या इतिहासाकडे आज या दृष्टीनें पाहूं.

अमरावती-अकोल्याकडील खेड्यांतून दंडार पूर्वापार चालत आली. तीस नाट्यगृह लागत नाहीं. उघड्यावर गांवचींच माणसें सोंगें घेतात, स्त्रीची भूमिकाहि पुरुषच वठवितो. दुसऱ्याचें बोलणें संपेपर्यंत थांबावें, आपली पाळी आली कीं पुढें व्हावें, हा अशा खेळाचा पहिला नियम. समाजांत वागण्याचाहि पहिला नियम तोच नव्हे काय?

मुलांकरितां स्वतंत्र रंगभूमि पुढें आली. १९५९ सालीं सुधा करमरकर यांनीं मुंबईंत ‘मधुमंजिरी’ रंगविलें. नागपुरांत पुरुषोत्तम दारव्हेकरांनीं बालनाट्यें लिहिलीं. तरीहि अपंग मूल बहुधा प्रेक्षकांतच राहिलें. १९९७ सालीं स्वागत थोरात यांनीं ८८ अंध कलावंतांना घेऊन ‘स्वातंत्र्याची यशोगाथा’ हें नाटक बसविलें. आपणहि आतां मला न पाहतांच ऐकत आहां. अंध नटाला तर सारा प्रयोग असाच करावयाचा असतो. हातवारे स्पर्शानें शिकावयाचे, अंतर पावलांनीं मोजावयाचें, सहनट कोठें उभा आहे तें आवाजावरून हेरावयाचें. तालमींत कमावलेली ही सवय रस्त्यांत व कचेरींतहि कामास येते.

या शिक्षणाची निकड अमरावती जिल्ह्यांतील वझ्झर येथें कळून येते. शंकरबाबा पापळकर यांनीं तेथील बालगृहांत शंभराहून अधिक बेवारस अपंग मुलांना आश्रय दिला आणि बाप म्हणून आपलें नांव दिलें. २०२४ सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. बालगृहाचा आसरा अठरा वर्षांपर्यंतच, असा कायद्याचा दंडक. मग अपंग मुलानें जावें कोठें, हा प्रश्न ते वर्षानुवर्षें शासनापुढें मांडीत आले. आसऱ्याचा प्रश्न नाटकानें सुटणार नाहीं. परंतु अनोळखी माणसाशीं बोलणें, मदत मागणें, नको असेल तेथें ‘नाहीं’ म्हणणें, हें त्या वयाआधीं खेळतां खेळतां शिकवितां येतें.

२०१६ च्या कायद्यानें अपंगांचा सांस्कृतिक जीवनावरील हक्क मान्य केला आहे. तेव्हां शाळेच्या स्नेहसंमेलनांत अशा मुलाला कोपऱ्यांत बसवूं नये. त्याला एखादें वाक्य द्यावें, आणि तें तो पुरतें बोलेपर्यंत इतरांनीं थांबावें.