नांगराच्या पोलादाचे चिलखत

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात दरोडेखोर नेड केली आणि त्याच्या तीन साथीदारांनी १८८० साली वापरलेली चिलखते, म्हणजे अंगावर चढवायची धातूची कवचे, कोणत्याही शस्त्रशाळेत घडलेली नव्हती. नांगराच्या फाळामागे बसवलेले, माती पलटवणारे जाड वक्र पत्रे मिळवून ती तयार करण्यात आली होती. २००३ साली जो बर्न या साथीदाराच्या चिलखताची शास्त्रीय तपासणी झाली, तेव्हा पोलाद सर्वत्र सारखे तापलेले नसल्याचे आढळले आणि त्यावरून हे काम कसबी लोहाराच्या भट्टीत नव्हे, तर रानातील साध्या जाळावर झाले असावे, असा निष्कर्ष निघाला. केलीच्या चिलखतात छातीचा व पाठीचा पत्रा, मांड्यांपुढे लोंबणारा पत्रा, खांद्यांची कवचे आणि डोळ्यांपुरती आडवी फट ठेवलेले नळकांड्यासारखे शिरस्त्राण होते. सुमारे ४४ किलोचे हे ओझे पेलत बंदूक चालवणे किती कठीण गेले असेल, हे सहज ध्यानात येते. अशा अपुऱ्या साधनांतून साधलेली ही रचना निःसंशय थक्क करणारी आहे, तरी तिच्यातील उणीव प्राणघातक ठरली. २८ जून १८८० रोजी ग्लेनरोवन गावात पोलिसांशी झालेल्या चकमकीत धडावरील पत्र्यांनी गोळ्या अडवल्या, परंतु पाय उघडेच होते आणि पोलिसांनी तेथे गोळ्या झाडून केलीला खाली पाडले. बर्नचा मृत्यू तर जांघेत लागलेल्या गोळीनेच झाला.